भगत सरांची पडताळणी

परवा माझ्याकडे पीएचडी करणारा एक पोरगा सहामाही प्रगती अहवालावर सही घ्यायला आला. मी डबा खात होतो. हात धुतला, त्यानं पेन्सिलीनं जिथं फुली मारून ठेवली होती तिथं सही ठोकली आणि पुन्हा डब्याला लागलो. ‘समाधानकारक’ हा शब्द तो आधीच टाइप करून घेऊन आला होता, तेवढीही मेहनत मला पडली नाही. पोरगा खूश, मी खूश, विद्यापीठ खूश. त्याचा विषय काय, असं कोणी विचारलं तर कापसाशी काहीतरी संबंध आहे, एवढंच मला सांगता येईल. सगळीकडे असंच चालून राह्यलं बाप्पा, उगाच डोळे मोठे करू नका.

पण त्या दिवशी भगत सर काही केल्या डोक्यातून जाईनात.

भगत सर यवतमाळच्या आमच्या कॉलेजात समाजशास्त्राचे प्रमुख होते, आणि माझे गाइड. उंच, काटकुळे, पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटावरचं बटण ऐन मे महिन्यातही लावलेलं. गाडी चालवता येत नव्हती, शिकलेही नाहीत. आवाज इतका हळू की मागच्या बाकावरची पोरं पुढं येऊन बसत. विद्यार्थ्याच्या घरी ते पाण्याशिवाय काही घेत नसत. वायवाच्या, म्हणजे पीएचडीच्या तोंडी परीक्षेच्या दिवशी उमेदवारानं परीक्षकांना जेवण द्यायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. पनीर, गुलाबजाम, सगळा थाट असतो. सर त्या दिवशी आपली भाकरी आणि चटणी घेऊन स्टाफरूमच्या कोपऱ्यात बसत. कोणी ओढलंच तर म्हणत, ‘जेवलो की जीभ जड होते.’

पीएचडी ही काय भानगड असते ते बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. आधी प्रवेश परीक्षा. मग विषयाचा आराखडा घेऊन समितीसमोर उभं राहायचं. तिथं पाच-सहा जण बसलेले असतात, त्यातल्या दोघांनी आराखडा वाचलेला नसतो आणि तेच जास्त विचारतात. मग कोर्सवर्क. मग दर सहा महिन्यांनी प्रगती अहवाल आणि त्यावर गाइडचा शेरा. मग प्री-सबमिशन, मग प्रबंध बाहेरगावच्या परीक्षकांकडे, आणि ते हो म्हणाले की शेवटी सगळ्यांसमोर वायवा. या पायऱ्यांवर माणूस अडतो तो कागदांसाठी. फोटो चिकटवला नाही, झेरॉक्स पुसट आहे, शिक्का तिरपा पडला. भगत सरांकडे माणूस खऱ्याखोट्यासाठी अडायचा.

आमच्या विषयात प्रश्नावल्या भरून घ्याव्या लागतात. गावोगाव फिरायचं, लोकांना विचारायचं, लिहून घ्यायचं. उन्हात फिरण्यापेक्षा घरी पंख्याखाली बसून दोन रंगांच्या पेनांनी त्या भरून टाकणं सोपं असतं, हे सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी बोलत नाही. सर मात्र शेरा लिहिण्याआधी विद्यार्थ्याचा गठ्ठा मागवत, डोळे मिटून त्यातल्या तीन प्रश्नावल्या ओढत आणि माझ्याकडे पाहून म्हणत, ‘प्रशांत, गाडी काढ.’ मग माझ्या मोटरसायकलवर मागं बसून त्या तीन घरी जात. विद्यार्थ्यानं सोबत यायचं, पण गावाच्या फाट्यावर थांबायचं. सर एकटे दारात उभे राहणार आणि विचारणार, तुमच्याकडे अमुक नावाचा कोणी आला होता का, काय विचारलं त्यानं. ‘प्रत्येक आकड्याले एक घर असते,’ ते म्हणत. ‘घर दाखव.’

एकदा असंच एका बड्या घरच्या उमेदवाराच्या गठ्ठ्यातून एक प्रश्नावली निघाली. आम्ही त्या घरी पोचलो. सरांनी नाव विचारलं. पोरगा दारात आला, म्हणाला, ‘बाबा तं चार वर्षं झाले गेले. काय काम होतं तुमचं त्याइच्याकडं?’ सरांनी प्रश्नावली त्याच्यासमोर धरली. त्यात बाबांनी मागच्या दिवाळीला टीव्ही घेतल्याचं लिहिलं होतं. पोरगा हसायला लागला, मीही हसलो. सर हसले नाहीत. त्यांनी त्या पोराची हात जोडून माफी मागितली. उमेदवारानं गाइड बदलून घेतला आणि आता तो एका कॉलेजचा प्राचार्य आहे. कोणी काय उखाडलं त्याचं?

हे सगळं सर कशापायी करत, ते त्यांनी एकदाच सांगितलं. घाटंजीहून परत येताना गाडी पंक्चर झाली होती आणि आम्ही झाडाखाली बसलो होतो. त्यांचे आजोबा छप्पन साली बौद्ध झालेले. वडील जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलत. सरांच्या वायवाला वडील धुतलेलं धोतर नेसून शेवटच्या रांगेत बसले होते. प्रश्नोत्तरं झाली, सगळं नीट झालं, आणि एक परीक्षक सहज विचारतो तसं म्हणाला, ‘हे तुम्हीच लिहिलं ना, की कोणी लिहून दिलं?’ लोक हसले. ‘बाबाइले काही समजलं नाही,’ सर म्हणाले. ‘लोक हसले म्हनून थेही हसले. तेव्हापासून मी ठरवलं, माह्या विद्यार्थ्याले हा प्रश्न कोनाच्या बापानं विचारला नाही पाह्यजे. मीच आधी विचारून घेतो.’ एवढं बोलून ते उठले आणि पंक्चरवाल्याकडे गेले.

माझी पडताळणी झाली ती सांगतो, कारण ती लपवून हे लिहिण्यात काही अर्थ नाही. माझा विषय घाटंजीच्या आठवडी बाजारातले छोटे विक्रेते. घाटंजी माझंच गाव, आमची तिथं शेती. दोनशे प्रश्नावल्या हव्या होत्या. सव्वाशेक मी खऱ्या भरल्या, मग कंटाळलो आणि उरलेल्या घरच्या ओट्यावर बसून उरकल्या. सरांनी तीन ओढल्या, त्यातल्या दोन नशिबानं खऱ्या निघाल्या. तिसरी माझ्या मामाच्या भाडेकरूच्या नावावर मीच रंगवलेली होती. पेट्रोल पंपावर सरांना सावलीत उभं केलं आणि बाजूला जाऊन मामाला फोन लावला. तासाभरानं सर त्या घरून परत आले ते खुशीत. भाडेकरू म्हणाला होता, हाओ जी, प्रशांत आलता, लय बारीक-बारीक इचारलं त्यानं. सरांनी अहवालावर आपल्या गोल अक्षरात ‘समाधानकारक’ लिहिलं, त्याखाली रेघ मारली. मला त्या रात्री झोप नीट लागली. खरं तेच सांगतो.

माझ्यासोबतच नोंदणी झालेली एक पोरगी होती, वैशाली नगराळे. राजूरची. वडील तिथल्या चुनाभट्टीवर कामाला. ती वणीच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायची, म्हणजे जेवढे तास तेवढे पैसे आणि उन्हाळ्यात काहीच नाही. पीएचडी झाली तरच कुठं कायम नोकरीला अर्ज करता येणार होता. मध्ये वडिलांच्या आजारपणात दोन वर्षं गेली, मुदत संपत आली आणि विद्यापीठानं तिला शेवटची मुदतवाढ दिली. अट एकच, पुढचा प्रगती अहवाल समाधानकारक पाहिजे. नाहीतर नोंदणी रद्द.

तिचा विषय राजूर भागात कोळसा वेचणाऱ्या बाया. खाणीतून भरून निघालेल्या ट्रकांतून रस्त्यावर जो कोळसा सांडतो, तो या बाया पोत्यात गोळा करतात आणि हॉटेलांना, भट्ट्यांना विकतात. ती चोरीच धरली जाते. खाणीचे चौकीदार त्यांना पकडतात, पोती हिसकतात, कधी पोलिसांत देतात. म्हणून त्या कोणाशी बोलत नाहीत. वैशाली त्यांच्यातलीच, तरी तिला त्यांच्या ओसरीवर बसू द्यायला वर्ष लागलं. तिनं एकेकीला शब्द दिला होता की तुमचं नाव कुठंच येणार नाही. मी आले होते हे मीही कोणाला सांगणार नाही, तुम्हीही सांगू नका. प्रश्नावल्यांवर फक्त नंबर होते. नावांची वही वेगळी, ती तिच्या पर्समध्ये असायची.

सरांनी तीन नंबर ओढले आणि वही मागितली. वैशाली म्हणाली, ‘सर, मी शब्द दिलेला आहे त्यांना.’ सर म्हणाले, ‘गाइडपासून कोनतं घर लपत नसते, वैशाली.’ ती बराच वेळ पर्सचा बंद पिळत उभी राहिली. मग वही टेबलावर ठेवली आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. त्या वेळी आमच्यापैकी एकानं तरी तोंड उघडायला पाहिजे होतं. तिथं मीच होतो.

आम्ही राजूरला गेलो. ती ठरल्याप्रमाणे फाट्यावर थांबली. काळी धूळ, ऊन, ट्रकांची रांग. सरांनी पहिलं दार वाजवलं. पांढरा शर्ट, हातात फाइल, मागं गाडी घेऊन मी. बाईनं सरांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, कोन वैशाली, आमच्या इथं कोनी नाही आलं. दुसरीनं अर्धं दार उघडून तेच सांगितलं. तिसरी म्हातारी, पार्वताबाई, अंगणात बसून तांदूळ निवडत होती. सरांनी तिला समजावून सांगितलं की मी पोलीस नाही, मास्तर आहे, पोरीच्या अभ्यासाचं काम आहे. ‘नाही जी,’ ती म्हणाली, ‘मी कोनाशी बोलतच नाही, मले कायचं विचारते कोनी.’ आम्ही वळल्यावर मी सहज मागं पाहिलं. म्हातारी आमच्याकडेच पाहत होती, आणि तिच्या तोंडावर एखाद्याला बरोब्बर फसवल्यावर येतं तसं हसू होतं. मला तेव्हाच समजलं. पण माझं प्री-सबमिशन पंधरा दिवसांवर आलं होतं. पडताळणी या विषयावर सरांशी बोलायची माझी छाती नव्हती.

फाट्यावर वैशाली उठून उभी राहिली. सरांनी सांगितलं की तिघीही नाही म्हणतात.

‘त्या नाहीच म्हणतील सर,’ ती म्हणाली. ‘मीच तसं सांगून ठेवलं आहे.’

‘जो सापडते तो असंच काही तरी सांगते,’ सर म्हणाले. ‘चल मंग. माह्यासमोर विचार त्याइले.’

‘नाही सर. समोरच्या घरात चौकीदार राहते. तुम्ही एकदा जाऊन आले तेच लय झालं. आता मी तुमाले घेऊन गेली, तं त्या बोलल्या हे साऱ्या गल्लीले समजन. मंग माह्या शब्दाचं काय?’

‘तुही नोंदणी जाईन, वैशाली.’

‘हाओ सर,’ ती म्हणाली. ‘मले माहीत आहे.’

एवढंच. ती रडली नाही, पाया पडली नाही. सरांना तेच खटकलं असावं. परत येताना ते वाटेत म्हणाले की खरी असती तर भांडली असती. अहवालावर त्यांनी लिहिलं, ‘असमाधानकारक. आधारसामग्री विश्वासार्ह नाही.’ आपल्याच समाजाची पोरगी, आपल्यासारख्याच मजुराच्या घरची, पण आपल्या माणसाला सूट द्यायची नाही हा त्यांचा नेम. महिनाभरात विद्यापीठाचं पत्र आलं आणि वैशालीची नोंदणी रद्द झाली. त्याच वर्षी सर निवृत्त झाले. निरोप समारंभात सगळ्यांनी त्यांच्या सचोटीवर भाषणं ठोकली. मीही ठोकलं.

वैशाली आपली मूळ कागदपत्रं परत न्यायला कॉलेजात आली तेव्हा मला भेटली. पायऱ्यांवर बसून तिनं पार्वताबाईची गोष्ट सांगितली. म्हातारी तिला म्हणे मोठ्या कौतुकानं म्हणाली होती, ‘तुह्यासाठी एक मानूस आलता, फाइलवाला. म्या तुह्यं नावच घेतलं नाही, पोरी. तिघीइनंबी नाही घेतलं.’ हे सांगताना वैशाली हसत होती आणि ओढणीनं डोळे पुसत होती. म्हणाली, ‘मी त्याइले काय सांगू, की तुम्हीच बुडवलं मले? म्हटलं, बरं केलं मावशी.’ सरांना हे सांगू का, असं मी विचारलं. आता सांगून काय होणार, असं म्हणून ती गेली.

मी सांगितलं. पण कधी? माझा प्रबंध जमा होऊन पावती हातात पडल्यावर. मधले पाच महिने मी तोंड शिवून बसलो. सर घरी खुर्चीवर बसून ऐकत होते. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, ‘तिनं तुले कधी सांगितलं हे?’ मी म्हटलं, परवा. लाज वाटते सांगायला, पण मी ‘परवा’ म्हटलं.

त्यानंतरचे सर मला पाहवत नव्हते. दर आठवड्याला सकाळच्या एसटीनं विद्यापीठात जात. माझा शेरा चुकीचा होता, चूक माझी आहे, विद्यार्थिनीची नाही, असा अर्ज. पीएचडी कक्षातला बाबू म्हणाला, शेरा बदलायचा हक्क गाइडला, तुम्ही आता गाइड नाही. मग विद्यार्थिनीचा अर्ज आणा, पुरावा जोडा, नाहीतर तिनं पुन्हा प्रवेश परीक्षा देऊन पहिल्यापासून सुरू करावं. सर व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहत. त्यांच्याच हाताखाली शिकलेले लोक नमस्कार करून पुढं जात. मनगटाचं बटण लावायचं राहून जायला लागलं होतं. एकदा मला म्हणाले, ‘प्रशांत, मी आयुष्यभर एकच काम नीट केलं असं समजत होतो रे.’ मी चहा घेता का म्हणून विचारलं.

शेवटी त्यांना एकच मार्ग दिसला. त्या तीन बायांचं लेखी घ्यायचं, अंगठे घ्यायचे, की हो, वैशाली आमच्याकडे आली होती. आधी तिला विचारू म्हणून आम्ही वणीला गेलो. ती एका केंद्रात लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देत होती, उत्पन्नाचे दाखले, जातीचे दाखले. लोकांची रांग होती. सर रांगेत उभे राहिले. मी पुढं जाऊन सांगतो म्हटलं तर हात धरून मला थांबवलं. त्यांचा नंबर आल्यावर तिनं वर पाहिलं, उठून उभी राहिली आणि आपली खुर्ची पुढं केली. सर बसले नाहीत. ‘माह्या हातून पाप झालं, वैशाली,’ ते म्हणाले. रांगेतले लोक पाहत होते. मग त्यांनी अंगठ्यांचं सांगितलं.

वैशालीनं मान हलवली. ‘सर, तुम्ही परत त्या घरी जाऊ नका. मले दुसरं काही नाही पाह्यजे.’

पाणी दिलं, एसटीपर्यंत सोडायला आली. परीक्षा पुन्हा देशील का, असं सरांनी विचारलं. ‘पाहू सर,’ ती म्हणाली. तिच्या त्या ‘पाहू’चा अर्थ तिघांनाही समजत होता. तिला वाचवायचं तर तिचाच शब्द मोडायचा, आणि तो पाळायचा तर ती बुडालेलीच राहणार. आयुष्यभर घरं शोधत हिंडलेल्या माणसाला आता त्या तीन घरांत जायची सोय उरली नव्हती.

माझी वायवा उन्हाळ्यात झाली. सर निवृत्त झाल्यामुळे दुसरे गाइड मिळाले होते, बाहेरगावचे परीक्षक आले होते. मामा, काका, घाटंजीची मंडळी, आचारी लावून केलेलं जेवण, सगळं जोरात. प्रश्न सोपे निघाले. अध्यक्षांनी रीतीप्रमाणे विचारलं, उपस्थितांपैकी कोणाला काही विचारायचं आहे का. कोणी विचारत नसतं. शेवटच्या रांगेतून भगत सर उठले. ते कधी येऊन बसले, मला कळलंही नव्हतं. एका परीक्षकानं ओळखून त्यांना पुढं बोलावलं, पण ते जागेवरच उभे राहिले.

‘तिसऱ्या प्रकरणात लिहिलं आहे,’ ते म्हणाले, ‘की प्रश्नावल्यांची पडताळणी मार्गदर्शकानं प्रत्यक्ष घरी जाऊन केली. ती कोणी केली?’

‘तुम्ही, सर,’ मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. परीक्षकांना म्हणाले, ‘ती धरू नका. याच पडताळणीनं मी वैशाली नगराळे हिचं खरं काम खोटं ठरवलं. ज्या मापानं खरं खोटं होते, त्या मापानं खोटंही खरं होत असन. हे इतिवृत्तात लिहून घ्या, माझी विनंती आहे.’

सरांना माझं काही माहीत नव्हतं. माझी खात्री आहे, नव्हतं. वैशालीसाठी ते कुठंतरी, कोणत्यातरी कागदावर ही एक ओळ उमटवायला आले होते, बस. मला तेवढ्यात एक वाक्य बोलता आलं असतं. सर बरोबर सांगतात, माझंही पाहा, एवढंच. सरांचं म्हणणं तिथल्या तिथं सिद्ध झालं असतं, आणि मग वैशालीच्या फाइलकडे कोणीतरी पाहिलंच असतं. सगळ्या जगात तो पुरावा माझ्या एकट्याकडे होता. मी समोरची पानं सारखी करत राहिलो. अध्यक्ष हसून म्हणाले, सरांचा विनय आपल्या सर्वांना माहीत आहे, आणि टाळ्या वाजल्या. इतिवृत्त मी नंतर पाहिलं. त्यात लिहिलं होतं, ‘उपस्थितांकडून प्रश्न नाही.’

पदवीची शिफारस जाहीर झाली. हार घालताना मी खिडकीतून पाहिलं. सर कॉलेजच्या फाटकाकडे चालले होते, काखेत तीच फाइल, भर उन्हात, घाई नाही. फाटकाशी ते थांबले आणि वळून इमारतीकडे पाहू लागले. धावत जाऊन गाठता आलं असतं, अंतर फार नव्हतं. मी एक पाऊल टाकलंही. मागून मामानं हाक मारली, ‘डॉक्टरसाहेब, फोटो राह्यला ना.’

मी वळलो आणि फोटोसाठी उभा राहिलो.